गिशोराच्या टेकडीवरचे ढोल

पूर्व आफ्रिकेतल्या बुरुंडी देशात राजेशाही १९६६ साली संपली. राजाचे ढोल मात्र अजून घुमतात, आणि ते ऐकायचे तर बुजुंबुरा या सगळ्यात मोठ्या शहरात नाही, राजधानी गितेगाजवळ गिशोराला जा, असं इथे जो तो सांगतो. म्हणून गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा म्वेझी गिसाबोने एका बंडखोर सरदाराला हरवलं आणि ही जागा वसवली. गवताने शाकारलेल्या घरांपुढच्या अंगणात पाहुण्यांना बसवतात. लांबून आवाज येतो, मग माणसं दिसतात: लाल, हिरवे, पांढरे कपडे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ढोल. ढोल म्हणजे अख्खं खोड कोरलेलं, वर गाईचं कातडं, लाकडी खुंट्या ठोकून ताणलेलं. ते ओझं डोक्यावर तोलत, चालता चालता वाजवत येतात. माझी तर बघूनच मान आखडली!

मग ढोल अर्धवर्तुळात उतरतात. मधला तो इन्किरान्या. आपल्या पथकात ताशा जसा सगळ्यांना हाकतो, तसा हा. काही ढोल एकच ठेका अखंड धरून ठेवतात, बाकीचे इन्किरान्याच्या मागे जातात. एकेक वादक पुढे येतो, उंच उडी घेतो, पाय झाडतो, पुन्हा टिपऱ्या आपटतो. पूर्वी ज्वारीच्या पेरणीआधीच्या उमुगानुरो सणाला राजासमोर हे व्हायचं. युनेस्कोने २०१४ मध्ये या परंपरेला वारसा यादीत घेतलं.

खटकलं ते एवढंच की वाजवणाऱ्यांत एकही बाई नाही. रिवाज जुना असेल, पण २०१७ मध्ये तसा अध्यादेशच निघाला: बायकांनी ढोल वाजवायचा नाही, लोकनृत्य करावं. सरकारी समारंभाबाहेर ढोल वाजवायलाही परवानगी लागते. पुण्यात कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवणाऱ्या मुली बघितलेल्या मला हे पटणं शक्यच नव्हतं. एका वादकाला विचारलं, तर तो नुसता हसला.

शेजारच्या रवांडात, हुये शहरात, इंगोमा न्श्या नावाचं फक्त बायकांचं ढोलपथक आहे. १९९४ च्या नरसंहारात दोन बाजूंना पडलेल्या घरांतल्या बायका त्यात एकत्र वाजवतात. ते मला ऐकायचंच आहे. पण बुरुंडीने जानेवारी २०२४ मध्ये रवांडाची सीमा बंद केली, त्यामुळे बसने जाता येईल अशा गावासाठी आता नैरोबीमार्गे विमानाची तिकिटं बघतेय.