डाकोटाचं शेपूट उचललं जातं तेव्हा

चार दिवसांच्या त्या प्रवासातलं बाकीचं सगळं आता पुसट झालंय. लक्षात राहिली आहेत ती डाकोटातली पंचवीस मिनिटं. डग्लस डीसी-३ हे या विमानाचं मूळ नाव. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ ला झालं. बाबा तरुणपणी त्यातून फिरले होते. जुनी विमानं जपणारी काही मंडळी हौशी प्रवाशांना फेरी मारून आणतात असं कळलं, तेव्हा त्यांना घेऊनच गेलो.

चढण्याआधी एक माणूस पंख्याचं एकेक पातं हाताने ओढून फिरवत होता. बाबा मोजत होते. या इंजिनात चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. विमान उभं असलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच चालू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळून आतला दांडा वाकू शकतो. म्हणून हा सोपस्कार.

मागच्या दारातून आत शिरलं की समोर चढच. विमान शेपटीवर बसलेलं, नाक आभाळाकडे. बाबा एकेका सीटची पाठ धरत वर गेले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

इंजिन आधी खोकलं. पांढऱ्या धुराचा लोट खिडकीवरून गेला आणि मग ते धडधडायला लागलं. ती धडधड पायांतून गुडघ्यांपर्यंत येत होती. विमान धावायला लागलं आणि चाकं जमिनीवर असतानाच शेपूट उचललं गेलं. इतका वेळ उतरती असलेली विमानातली जमीन पायाखाली सपाट झाली. बाबांनी माझा हात दाबला. ते क्षणभरच, पण मी तिथे गेलो होतो ते त्यासाठीच, असं आज वाटतं.

वर गेल्यावर घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज चढत-उतरत येऊ लागला. मी घाबरून पाहिलं. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "दोन पंख्यांचे फेरे जुळले नाहीत अजून. थांब, आता जुळवतील." घूं लांबत गेलं, आणखी लांबलं आणि विरून गेलं. उरला एकच सलग सूर. मागच्या दोघांनी कानात गाणी लावली होती. ते मला फार खटकलं. एवढा आवाज ऐकायला मिळत असताना!

या विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नाही. तेच बरं. खाली झाडं वेगवेगळी दिसत होती आणि त्यांच्यावरून आमचीच सावली पळत होती.

उतरल्यावर सगळे फोटो काढून निघून गेले. बाबा पंखाखाली उभे राहिले. तापलेलं इंजिन निवताना टक्, टक् वाजत होतं, खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये तेल ठिबकत होतं. टक्-टक् थांबेपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि मीही नाही.