दिवसभर फोन करून ढग येतेत व्हय?

माझ्या वारीच्या बॅगेत काय होतं ते सांगते म्हणजे केस कळेल. दोन साड्या, दोन ड्रेस, प्लास्टिकचा कागद, पायाला लावायचं व्हॅसलीन, पॉवर बँक, आणि पल्स ऑक्सिमीटर. कोविड संपून गेला तरी तो माझ्या पर्समधून काही गेला नव्हता, छातीत जरा धडधडलं की बोट घालून बघायचं, ९८ आलं की बरं वाटायचं, आणि दहा मिनिटांनी परत. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हार्ट छान आहे, ही एंग्झायटी आहे, मग गोळ्या आणि काउन्सेलिंग सुरू झालं.

हे २०२३ चं. माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर, रथामागच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-राहण्याचे पैसे, भरून नाव घातलं. नवरा म्हणाला मला ऑफिसातून यायला उशीर झाला तर तुझे फोनवर फोन, तू इतके दिवस तंबूत कशी राहणार? बरोबर होतं त्याचं. त्यात लेकीचा सीईटीचा स्कोअर बॉर्डरवरचा, कॅप राऊंडला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश फेरीला, काय होईल याचं डोक्यात सतत एक्सेल शीट चालू. काउन्सेलर ताईंनी एकच गोष्ट ठरवून दिली होती. घरी फोन संध्याकाळी, एकदाच. दिवसात जी काळजी येईल तिला सांगायचं सातला ये. आणि सातला खरंच बसून काळजी करायची, पंधरा-वीस मिनिटं, मन लावून. ऐकायला येडपटपणा वाटतो.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटर, आणि त्यातच दिवेघाट. त्या वर्षी जूनमध्ये पावसाचा पत्ता नव्हता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, पुढे टाळ-मृदंग, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि अर्ध्या घाटात माझं सुरू झालं, छाती धडधड, घसा कोरडा, कानात ठोके. नेहमीचाच सिनेमा. फरक एवढाच की आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचीच छाती वरखाली होत होती! माझ्यापुढचा पखवाजवाला घामाने निथळत होता, एक काका कठड्याला टेकून धापा टाकत होते आणि मधेच माऊली माऊली म्हणत होते, कुणीही ऑक्सिमीटर काढत नव्हतं. काउन्सेलर ताई आठ महिने मला हेच सांगत होत्या, जिना पळत चढा, ठोके मुद्दाम वाढवा आणि काही न करता थांबा, शरीराला कळू दे की वाढलेले ठोके म्हणजे धोका नव्हे. मी जिन्यावर चार पायऱ्या चढून सोडून द्यायचे. इथे सोडायला जागाच नव्हती, मागे माणसांचा लोंढा, बाजूला दरी. चढले. वर पोचेपर्यंत भीती गेली नव्हती, पण भीती असताना पाय चालतात हे मात्र दिसलं, आणि वर कुणीतरी हातात लिंबू सरबत दिलं ते मी दोन ग्लास प्यायले.

(गोळ्या मी वारीभर चालू ठेवल्या. वारी केली आणि गोळ्या सुटल्या असल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरतात त्यावर जाऊ नका. कुणाशी बोलायचंच असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे.)

आमच्या तंबूत परभणीकडच्या एक आजी होत्या. माझी जागा त्यांच्या शेजारी. कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि कापूस, बियाणं-खत आणून घरात ठेवलेलं आणि पाऊस नाही. कृषी खात्यावाले सांगतात ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, घाईत पेरलं आणि उघडीप झाली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दोनदा. आता बघा, माझी काळजी काय तर कॉम्प्युटर का आयटी, आणि यांची अशी. पण त्या झोपायच्या मस्त, घोरायच्या सुद्धा.

त्यांच्याकडे फोन नव्हता, रोज संध्याकाळी माझ्या फोनवरून लेकाला लावायच्या. "पडला का? न्हाई? बरं. बैलाला चारा टाक." संपलं. एक मिनिट पण नाही. मी एकदा दुपारच्या विसाव्याला हवामान ॲप उघडून म्हटलं, आजी लावून देऊ का फोन, परभणीत ढग दाखवतंय. त्या तळपायाचा फोड सुईने फोडत बसल्या होत्या, वर न बघता म्हणाल्या, "दिवसभर फोन करून ढग येतेत व्हय? संध्याकाळी बगू. ते ठिव आन जरा दोरा दे."

म्हणजे ताईंचं फी देऊन घेतलेलं टेक्निक या बाईकडे आधीपासूनच होतं. पण त्या काही निवांत संत वगैरे नव्हत्या हं. कर्जाचा विषय निघाला की दोन दोन तास बोलायच्या, सावकाराला शिव्या द्यायच्या, एकदा रडल्या पण. फक्त रडून झालं की भाकरी खायला उठायच्या.

मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर समाजआरती. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा एवढा कल्लोळ की शेजारच्याचं ऐकू येत नाही. सोहळ्याची शिस्त बघणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि खटकन सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. लोणंदला मी बघितलं, एका कोपऱ्यात टाळ थांबेनात, चोपदार तिथे गेले, काय ते ऐकून घेतलं, पाण्याचा टँकर पोचला नव्हता म्हणे, उद्या बघतो असं काहीतरी झालं आणि टाळ बंद. टँकर तेव्हा लगेच आला नव्हताच. मग हरवलं-सापडलं पुकारतात, कुणाचं पाकीट, कुणाची काठी, आणि आरती.

माझ्या डोक्यातले टाळ असेच वाजत असतात आणि मी त्यांना वर्षानुवर्षं गप्प बसा म्हणून ओरडत होते. जवळ जाऊन ऐकून कधी घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून सातची वेळ झाली की मी मनातल्या मनात म्हणायचे बोला काय तक्रार आहे, कॅप राऊंड? बरं. लिस्ट लागली की बघू. हार्ट? बरं. दर वेळी जमायचं असं नाही, फलटणला रात्री दोनला उठून नवऱ्याला फोन केलाच मी, तो बिचारा घाबरून उठला.

२५ जूनला मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी मान्सून पोचला, पेपरात मोठी बातमी, १९६१ नंतर पहिल्यांदा. आम्ही तेव्हा माळशिरस तालुक्यात. तंबूत बायका टाळ्या वाजवायला लागल्या. आजींनी फोन संध्याकाळीच केला. परभणीला नुसतं भुरभुर. पंढरपुरात त्यांनी पददर्शनाची रांग बघितली, म्हणाल्या हितं उभी राहिले तर पेरणी चुकंल, कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय बुडवले आणि एसटी धरली. मी रांगेत थांबले, कारण घरी माझं काहीच पेरायचं नव्हतं.

जुलैमध्ये त्यांची पेरणी झाली. मग ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता देशात तो. सप्टेंबरात मी त्यांच्या लेकाच्या नंबरवर फोन केला, कसं आहे विचारलं.

"सोयाबीन निम्मं वाळलं. कापूस हाय अजून, बगू," म्हणाल्या. "पोरीचं कालेज लागलं का?"

लागलं होतं, पण मनासारखी ब्रँच नव्हती मिळाली. तसं सांगितलं.

"लागलं न्हवं का," म्हणाल्या, आणि लेकाला हाका मारायला लागल्या, गाय सुटली होती वाटतं.