नानांची ‘रोजनी गोयी’

मागच्या महिन्यात नानांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, जळगावला. भुलीच्या मॅडमनी विचारलं, काका, गोळ्या काय चालू आहेत? नाना सरळ म्हणे, "काईच नही बेन, फक्त ती रोजनी." मला वाटलं बीपीची असेल. मग मामीनं बियाण्याच्या दुकानातली पिशवी उघडली आणि टेबलावर ओतली ना भो!

पहिलंच पाकीट अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं, म्हणजे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, ४ वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत स्टेंट (जाळी) टाकला तेव्हापासूनच्या. नानांचं लॉजिक असं की ती छातीची गोळी, हर्नियाला काय करायची? पण स्पायनलची, म्हणजे कमरेखालच्या भुलीची, सुई पाठीत जाते, तिथं रक्त साचलं तर नसांवर दाब येतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. नुसती अ‍ॅस्पिरिन असती तर स्पायनल देतात म्हणे, क्लोपिडोग्रेल मात्र ५ ते ७ दिवस आधी बंद लागते, कारण ती प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकदा बाद केल्या की बादच, नव्या तयार होईपर्यंत थांबायचं. आणि ही गोळी मनानं बंद करायची नाही हां, स्टेंट नवा असला तर आत गुठळी होऊ शकते. मॅडमनी तिथूनच हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा, दुसरी बंद, तारीख पुढे.

शुगरची डापाग्लिफ्लोझिनपण निघाली. ती ३ दिवस आधी बंद करायची, कारण उपाशी पोटी रक्तात आम्ल वाढतं आणि मीटरवर शुगर मात्र बरी दिसते, त्यामुळे लवकर कळतच नाही. हे मला अजिबात माहीत नव्हतं, मीच तर दर महिन्याला ती गोळी आणतो!

तळाशी गुडघेदुखीची पुडी, यात्रेतून आणलेली. मॅडमचा चेहराच बदलला. असल्या पुड्यांमधे कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते बरेच दिवस पोटात गेलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावतं, मग ऑपरेशनमधे बीपी धाडकन पडू शकतं. "ही किती दिवसांपासून?" नाना मामीकडे बघायला लागले. मामी म्हणे, मागच्या पोळ्यापासून.

तेव्हा जास्तीच्या तपासण्या झाल्या, नानांची कुरकुर चालूच. ऑपरेशन ९ दिवसांनी नीट पार पडलं. त्या दिवशी पहाटे ५ ला नाना हळूच मला विचारता, "अर्धा कप चहा चाली का रे?" दूध घातलेला चहा, ६ तास आधी बंद! पाण्याचे दोन घोट तेवढे दिले, तोंड वाकडं करून पिले.