१२ बाय १८

आजचा अख्खा रविवार घरामागच्या १२ बाय १८ फुटांच्या तुकड्यात गेला. मी चुन्याने रेघा मारतेय, आई पायरीवर बसून हुकूम सोडतेय. ठरलंय एवढंच, की दरवर्षी पेरावं लागेल असं काही लावायचं नाही. मेथी-कोथिंबीर मंडईतून येतेच आहे, येऊ दे.

शेवग्यावरून वाजलंच. मला तो दक्षिणेच्या भिंतीशी हवा होता. "अगं, मग सगळ्यावर सावली धरेल. उत्तरेला लाव, आणि ३-४ फुटांवर शेंडा खुड, नाहीतर शेंगा शेजारच्यांच्या गच्चीत!" बरोबरच आहे म्हणा. शिवाय त्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडतेच.

अळू धुण्याच्या नळापाशी, तिथे कायम ओल असते. जाळीवर तोंडली; तिचं बी नाही लावायचं, पेन्सिलीएवढ्या जाड वेलाचे तुकडे खोचायचे. कढीपत्त्याचं पिल्लू शेजारच्या काकू देणार आहेत, त्यांच्या झाडाच्या मुळांतून डझनभर फुटलीयत.

मग कुदळ मारली. वीतभर खाली नुसता राडारोडा! ४ घमेली विटांचे तुकडे निघाले, आणि एक निळी टाइल. आईने अंगठ्याने माती पुसली आणि लगेच ओळखली. आमच्या जुन्या न्हाणीघराची.

लिंबाचं अजून ठरत नाहीये. काटे येण्याजाण्याच्या वाटेत नकोत म्हणे. पण वाट सोडली तर इथे उरतंय काय?