पाळकसाहेबांची मुलगी वारीत

माऊलींच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम हलतो तो योगिनी एकादशीला. सासवड गाठायचं म्हणजे तिसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि वर उपास. मैत्रिणीच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, भरून मी नाव घातलं होतं. पप्पा गेले त्यानंतरची ही पहिलीच वारी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांनी विचारलंच, "पाळकसाहेबांच्या मुलीला हे शोभतं का?"

पप्पांना विचारायला हवं होतं. पालख्या नाना पेठेत, भवानी पेठेत उतरल्या की ते मंडळीतली पोरं गोळा करून वारकऱ्यांना चहा द्यायचे. कप पुढे करताना ठरलेला विनोद: "घ्या माऊली, 1890 मध्ये पंचहौद मिशनात चहा घेतला म्हणून लोकमान्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तुम्हाला माफ आहे." लातूर-परभणीच्या माणसाला यातलं काय कळणार? पण ते दरवर्षी सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पालखी आली की टोपी काढून उभे राहायचे. पादुकांना मात्र हात लावायचे नाहीत. कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ते पप्पांचं आवडतं वाक्य. "पूल दोन्ही बाजूंनी वापरता येतो ना?" असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस बोलले नाहीत.

हडपसरपर्यंत नुसती चिडचिड. पुढाऱ्यांचे फ्लेक्स, स्वागताच्या मांडवातले कर्णे, टाळ ऐकूच येईना. फोटोवाले पोरगे म्हाताऱ्या बायांना "आजी, तुळस जरा वर" सांगत होते. उपासाची चिक्की वाटली जात होती आणि तिचे कागद आमच्याच पायाखाली. उरुळी देवाची मागे पडेतो डाव्या टाचेला एवढा फोड आला की पाय टेकवेना. वडकीला विसावा होता. रथाला घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपत होते, सगळे ते बघायला पळाले, मी ट्रकच्या सावलीत बसून राहिले.

शेजारी बसलेल्या मावशींनी काही न विचारता माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी मागे खेचला, तर गुडघ्यावर चापट मारली. पडशीतून सुई काढली, काळा दोरा ओवला, दोरा खोबरेल तेलात बुडवला. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसरीकडून काढली. दोरा दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला. "काढू नको. ह्याच्यावाटं पाणी गळंल. कातडं सोललं तर मेलीस."

दोऱ्याच्या टोकाशी पाणी थेंबाथेंबानं जमत होतं. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पप्पा उपासनेत बारा जणांचे पाय धुवायचे. धुऊन झाले की पंचा दोनदा झटकायचे. मला त्या झटकण्याची लाज वाटायची. कपडे वाळत घातल्यासारखं वाटायचं ते.

"बाप काय करत व्हता?"

"कीर्तन करायचे."

"कोन्त्या फडाचे?"

"ख्रिस्ती होते. चर्चमध्ये पाळक. पेटी घेऊन येशूचं कीर्तन करायचे."

मावशींनी सुई पदराला पुसली. "उपास धरायचे का?"

"चाळीस दिवस. एक वेळ जेवून."

"चाळीस!" त्यांनी हातातल्या साबुदाण्याच्या द्रोणाकडे बघितलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. "खा. घाट चढायचाय."

घाटाबद्दल काय लिहू? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली आरोहणस्तोत्रं, म्हणजे चढण चढतानाची गाणी, पप्पांनी लहानपणी पाठ करून घेतली होती, ती 'ज्ञानोबा माऊली तुकाराम'च्या ठेक्यात आपोआप बसत गेली. पुढचं सगळं एकमेकांत मिसळलंय. जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, लोणंदचा पाऊस, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. पादुकांना मी हात लावला. श्रद्धेनं की मागच्या रेट्यानं, ते स्वतःला विचारलेलं नाही.

सासवडला मात्र, घाट चढलो त्याच रात्री, मावशींनी तंबूत जाहीर करून टाकलं, "हिचा बाप कीर्तनकार व्हता, हिला म्हणू द्या." मला पप्पांनी स्वतः रचलेला अभंग तेवढा येत होता, हरवलेल्या मेंढराचा. म्हणायला लागले. टाळ लागले, पखवाज आला. तिसऱ्या चरणाला सगळे अडखळले. तिथे पप्पांनी दोन शब्द जास्त कोंबलेत. पखवाजवाल्यानं हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"हितं बसत न्हाई," विणेकरी म्हणाले.

"माहितीये. मी त्यांना सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणाले, अर्थ सुटतो."

"म्हाराज लोक कुनाचं ऐकत्यात व्हय," मावशी म्हणाल्या. पखवाजवाल्यानं लय जरा ओढून धरली, आणि ते दोन शब्द आम्ही कसेबसे आत घेतले.