तेलकंपनीचा मोठा साहेब व्हायला एमबीए लागतं का?

इंजिनीअरिंग कॉलेजात व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "सर, अमेरिकेतल्या एक्झॉनसारख्या तेलकंपनीचा सीईओ व्हायचं तर एमबीए कुठून करावं?" मुलांपेक्षा मागे बसलेले पालकच जास्त कान टवकारतात. मी समुद्रातल्या रिगवर हयात घालवलेला ड्रिलिंगचा माणूस, सीईओ लोकांशी माझी ऊठबस नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १९९३ पासून एक्झॉनचे तीन प्रमुख झाले. ली रेमंड केमिकल इंजिनीअर, वर त्यातच पीएचडी. रेक्स टिलरसन सिव्हिल इंजिनीअर, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची १९७५ सालची साधी पदवी, बस्स. डॅरेन वुड्स इलेक्ट्रिकलचा, आणि तिघांत एमबीए केलेला तेवढा तोच.

म्हणजे लागत नाही. तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, मग मी टिलरसनवर येतो.

टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावचा हा पोरगा. वडील बॉय स्काउट्समध्ये नोकरीला. पदवी घेतली त्याच वर्षी प्रॉडक्शन इंजिनीअर म्हणून एक्झॉनमध्ये चिकटला. या नोकरीत काय असतं? विहिरीतून आज तेल किती आलं, पाणी किती आलं, दाब का उतरला, पंप बदलायचा की विहीर साफ करायची. रोज तेच. चौदा वर्षांनी, १९८९ मध्ये, कंपनीच्या अमेरिकेतल्या एका उत्पादन विभागाचा तो जनरल मॅनेजर झाला. १९९५ मध्ये येमेन आणि थायलंडचा कारभार, १९९८ मध्ये रशिया. १ जानेवारी २००६ ला रेमंडच्या खुर्चीत बसला तेव्हा नोकरीला तीस वर्षं उलटून गेली होती. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या मुलांना हे ऐकवलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

रशियातलं काम म्हणजे सखालिन-१. जपानच्या उत्तरेला रशियाचं बेट, भोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. तेल समुद्राच्या तळाखाली, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत. मग रिग किनाऱ्यावरच उभी केली आणि विहिरी तिरक्या, पुढे जवळजवळ आडव्या नेल्या. २०११ मध्ये तिथली एक विहीर १२,३४५ मीटर लांब झाली, त्यातली साडेअकरा किलोमीटरच्या आसपासची मजल नुसती आडवी. ड्रिलिंगवाल्याला विचारा, एवढ्या लांब पाइप फिरता ठेवणं ही काय चीज आहे. या प्रकल्पात २००१ पासून आपल्या ओएनजीसी विदेशचा २० टक्के वाटा आहे, म्हणून आमच्याकडे त्याची चर्चा व्हायची. शेजारच्या सखालिन-२ मध्ये २००६ च्या डिसेंबरात शेल या तेलकंपनीला बहुमताचा वाटा रशियाच्या सरकारी गाझप्रॉमच्या हवाली करावा लागला. एक्झॉनचा करार मात्र शाबूत राहिला. रॉसनेफ्ट ही सरकारी कंपनी तिथे आधीपासून भागीदार होती, त्याचा उपयोग झालाच असणार. पण करारातल्या शब्दाला घट्ट धरून बसायची टिलरसनची सवयही होती. २००७ मध्ये व्हेनेझुएलानं अटी बदलल्या तेव्हा शेव्हरॉन ही दुसरी अमेरिकी तेलकंपनी नमतं घेऊन राहिली, एक्झॉननं गाशा गुंडाळला आणि लवादाकडे गेली.

मला विचाराल तर त्याची खरी कसोटी सखालिनला लागली नाही, ब्लॅकबियर्डला लागली. मेक्सिकोच्या आखातात उथळ पाण्यात ही विहीर चालू होती, लक्ष्य ३२ हजार फूट. ३० हजारांवर पोचली आणि काम अडलं. इतक्या खाली मडचं, म्हणजे दाब रोखायला विहिरीत भरलेल्या जड द्रवाचं, वजन कमी पडलं तर वायू आत घुसतो, त्याला आम्ही किक म्हणतो. वजन वाढवावं तर खडक फाटतो आणि मडच खडकात पळतं. मधली मोकळीक खाली खाली जाताना चिमटत जाते. ड्रिलिंगवाल्यांना ते दाब आणि तापमान पटेना. कंपनीच्या अनेक भूगर्भतज्ज्ञांना पुढे जायचं होतं. १८-१९ कोटी डॉलर आधीच जमिनीत गेले होते. ऑगस्ट २००६ मध्ये एक्झॉननं विहीर सोडून दिली. टिलरसनला गादीवर बसून आठ महिने झाले होते. धंद्याच्या पत्रकारांनी कंपनीची यथेच्छ टिंगल केली. पुढे दुसऱ्या कंपनीनं तीच विहीर घेऊन आणखी खाली नेलीही.

मग २० एप्रिल २०१० ला त्याच आखातात डीपवॉटर होरायझन ही रिग पेटली, ११ माणसं गेली. चौकशी आयोगापुढे टिलरसननं ब्लॅकबियर्डचा दाखला दिला. आमच्या पिढीनं बॉम्बे हायवर १९८२ साली सागर विकास रिगचा ब्लोआउट, म्हणजे विहीर हाताबाहेर जाऊन उसळणं, पाहिलाय. "थांबा" म्हणणाऱ्या माणसामागे वरचा साहेब उभा राहतो की नाही, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो. एमबीएत हे शिकवतात का, मला ठाऊक नाही.

पण देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्यानं शेल वायूतली, म्हणजे शेल नावाच्या खडकात अडकलेला वायू काढणारी, एक्सटीओ ही कंपनी घेतली, सुमारे ३१ अब्ज डॉलरचे शेअर देऊन. नंतर वायूचे भाव कोसळले, आणि २०१२ मध्ये वायूत पैसा सुटत नाही हे त्यानं स्वतःच जाहीरपणे कबूल केलं. २०२० अखेर एक्झॉननं १९ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बुडीत दाखवली, त्यातला मोठा हिस्सा या खरेदीतून आलेल्या वायूसाठ्यांचा. विहिरीवर थांबता आलं, बाजारात नाही. पुढे मिळालेलं अमेरिकेचं परराष्ट्रमंत्रिपद तर वर्षभरच टिकलं. फेब्रुवारी २०१७ ला शपथ, मार्च २०१८ मध्ये ट्रम्पनी ट्वीट करून घरी पाठवलं. एक्झॉनमध्ये शब्द खाली झिरपायला तीस वर्षांची उतरंड होती, इथे ती कुठून आणणार?

यानंतरचा प्रश्न ठरलेला, आणि तो पालक विचारतात: "पगार किती?" २०१५ मध्ये सगळं धरून २ कोटी ७० लाख डॉलरच्या वर. हॉलमध्ये कुजबुज होते. त्यातला बराच भाग शेअरच्या रूपात, आणि शेअर हातात यायचे अर्धे पाच वर्षांनी, अर्धे दहा वर्षांनी किंवा निवृत्तीनंतर, जे उशिरा असेल ते. तेलात आज घेतलेल्या निर्णयाचा पत्ता दहा वर्षांनीच लागतो, असा त्यामागचा हिशेब. मंत्री होताना हे अडकलेले शेअर सोडून त्याबदल्यात सुमारे १८ कोटी डॉलर एका ट्रस्टमध्ये ठेवावे लागले. हा आकडा ऐकल्यावर मात्र एमबीएची चौकशी पुन्हा सुरू होते.