गरम झाला की बंद पडणारा चेनसॉ : माझा अनुभव

थंड असताना एकदोन ओढीत चालू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटं मस्त कापायचा आणि मग मध्येच ठप्प. दोरी ओढून ओढून हात दुखायचा पण हूं नाही की चूं नाही, आणि अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. ज्याला विचारावं तो म्हणे कार्बोरेटर साफ कर. टू-स्ट्रोक मशीन रुसलं की सगळं खापर कार्बोरेटरवर, ही एक रीतच झालीये.

मला ते पटत नव्हतं, कारण पेट्रोल कमी पडून मरणारं मशीन आधी आवाज चढवतं, आचके देतं, मग जातं. हे एकदम स्विच दाबल्यासारखं जात होतं. तरी टाकीच्या झाकणाचं व्हेंट (हवा आत घेणारं बारीक भोक) चोंदलं तरीही थोडा वेळ चालून बंद पडतं (आत व्हॅक्यूम होतो, पेट्रोल खेचलंच जात नाही), म्हणून बंद पडल्या पडल्या झाकण सैल करून बघितलं. काही फरक नाही. स्पार्क प्लग काढला तर पेट्रोलने ओला, म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. प्लगच्या टोकांमधला गॅप ०.५ मिमी, बरोबर होता. नवीन प्लग लावला, तेच.

मग स्पार्क टेस्ट. प्लग बूटमध्ये (वायरच्या टोकाची रबरी टोपी) घालायचा, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या फिन्सला (बाहेरच्या धातूच्या पात्यांना) टेकवायची आणि दोरी ओढायची. चेन ब्रेक लावून, आणि प्लगच्या भोकापासून जरा लांब हां, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने भडकू शकते. बूट नुसतं हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका, ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) आतून खराब होऊ शकते.

थंड मशीनवर ठिणगी निळीशार, टक टक आवाजासकट. बहुतेक जण इथेच म्हणतात इग्निशन ओके आणि परत कार्बोरेटरकडे वळतात. अरे पण बिघाड गरम असताना होतोय तर टेस्टही गरम असतानाच करायला नको का? म्हणून बंद पडेपर्यंत चालवला आणि लगेच, सायलेन्सरला हात न लागेल असा, प्लग काढून बघितलं. ठिणगी गायब.

तरी लगेच कॉइल मागवली नाही. स्टॉप स्विच काय करतो, तर कॉइलला बॉडीशी अर्थ करतो. त्याची बारीक वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली तरी ठिणगी जाते, आणि तो दोष जवळपास फुकटात निघतो. ती वायर कॉइलवरून काढून गरम मशीनवर परत टेस्ट केली. ठिणगी आली असती तर दोष वायर नाहीतर स्विचमध्ये, पण नाही आली. (वायर काढलेली असताना मशीन चालू झालं तर स्विचने बंद होणार नाही, चोक लावून बंद करावं लागतं.) फ्लायव्हीलची (कॉइलसमोर फिरणाऱ्या मॅग्नेटवाल्या चाकाची) चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी पट्टी, तुटली तर ठिणगी येते पण चुकीच्या वेळी, दोरी हाताला उलटा हिसका देते, तसलं इथे काही नव्हतं. राहिली कॉइल. थंड असताना मल्टीमीटरवर तीही ठीकच दाखवते, म्हणून त्या आकड्यांवर फार जाऊ नका.

नवीन कॉइल बसवताना खरी मजा गॅपची. आधी फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवरचा गंज पॉलिश पेपरने काढला. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर बऱ्याच मशीनला ०.२ ते ०.३ मिमी असतं, आपापलं मॅन्युअल बघा. स्क्रू सैल ठेवायचे, मॅग्नेट कॉइलसमोर आणायचं, मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, मॅग्नेट स्वतःच कॉइल खट्कन ओढून घेतं, तसंच धरून स्क्रू आवळायचे. कार्ड काढून फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवलं, कुठे घासत नाही ना बघायला. स्क्रूंना थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावला, एवढ्या कंपनात ते हमखास सैल होतात आणि मग कॉइल फ्लायव्हीलवर जाऊन आपटते.

टाकी संपत येईपर्यंत चालवला, तापलेला असतानाच मुद्दाम बंद केला आणि लगेच दोरी ओढली. पहिल्याच ओढीत चालू.